काळी बांधी

आमच्या घरात 'काळी बांधी' हा शब्द निघाला की आई पदर तोंडाला लावून हसते, बाबा नुसतं खाकरतात आणि मी मोबाईलवर काहीतरी फार महत्त्वाचं आलंय असा चेहरा करतो. २०२३ पासून हे चाललंय. म्हटलं या शनिवारी ते एकदाचं लिहून टाकावं, म्हणजे डोक्यातून जाईल. (रिलीज पुढे ढकलली गेलीय, त्यामुळे वेळही आहे. :) )

तर मंडळी, माझं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात. पुण्यात कुणालाही भंडारा म्हटलं की आधी 'म्हणजे जेजुरीचा?' असं विचारतात. नाही हो, तो उधळायचा. आमचा भंडारा नागपूरच्या पूर्वेला, वैनगंगेच्या काठचा, तलावांचा आणि धानाचा. आमच्याकडे भात ताटात असतो. शेतात असतो तो धान. तुम्ही ज्याला खाचर म्हणता ती आमची बांधी, तिच्या कडेचा बांध तो धुरा आणि लावणी म्हणजे रोवणी. एवढी डिक्शनरी पुरे.

घरची जमीन साडेतीन एकर. बहुतेक मोरांड, थोडी सिहार आणि विहिरीला लागून एक दहा गुंठ्यांची हलकी खरडी बांधी. मातीला अशी नावं आहेत हे मला इंजिनिअरिंग होईपर्यंत धड माहीत नव्हतं. लाज वाटण्यासारखीच गोष्ट, पण वडिलांची शेती आणि मुलाचं करिअर यांच्यात आमच्याकडे एक अलिखित भिंत असते. 'तू अभ्यास कर, शेतात नको येऊ' ही ती भिंत.

त्या विहिरीचं पाणी आम्ही पितो. माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथून. हायब्रिडच्या कृपेने २०२३ च्या जूनमध्ये घरूनच काम करत होतो. पाऊस उशिरा आला त्या वर्षी, जून संपत आला तेव्हा कुठे. तोवर बाबा पडवीत बसून त्या हंगामाची औषधं लावून ठेवत होते. आमच्याकडे तणनाशकालाही औषधच म्हणतात. रोवणीनंतर दोन-तीन दिवसांत टाकायचं प्रेटिलाक्लोर, नंतर लागलं तर बिसपायरिबॅक, आणि रुंद पानाच्या तणासाठी एकराला फक्त ८ ग्रॅमची एक पुडी. मी बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली आणि मग शहाण्या माणसाने करू नये ते केलं. रात्री दीडपर्यंत इंटरनेटवर वाचत बसलो. हलकी जमीन, कमी सेंद्रिय कर्ब, तणनाशक खाली पाझरून भूजलात... आणि उपाय काय? तर बायोचार. कमी हवेत जाळलेला पालापाचोळा, लाकूड, तूस. म्हणजे एक प्रकारचा कोळसा, पण जमिनीत घालायचा. कार्बन कित्येक वर्षं जमिनीत राहतो, पाणी धरून ठेवतो आणि तणनाशकही धरून ठेवतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनींच्या कथा वाचल्या, फोटो बघितले. झालं. मला उत्तर सापडलं होतं.

आता भंडाऱ्यात तुसाची काय कमी. धानाच्या वजनात साधारण २० टक्के तूस असतं आणि उसना तांदूळ करणाऱ्या मिला तेच बॉयलरमध्ये जाळतात. मागच्या बाजूला काळ्या-करड्या राखेचे ढीग. वारा सुटला की दोरीवरचे कपडे काळे. एका मिलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "घेऊन जा ना भाऊ, वरून चहा पाजतो." तीन ट्रॉल्या आणल्या. काट्यावर २० क्विंटलच्या आसपास भरल्या. सगळी विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत.

बाबा धुऱ्यावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "तुले का करायचं ते कर, पन एक सांगतो. गोठ्याजवळच्या बांधीत औषध कमीच लागते. खाताची बांधी हाये ते. हेही तसंच नाई होनार ना?"

मी म्हटलं, "बाबा, त्याचा काही संबंध नाही."

हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा आठवलंय.

चिखलणी झाली, रोवणी झाली. तिसऱ्या दिवशी बाबांनी प्रेटिलाक्लोर रेतीत कालवून उभ्या पाण्यात फेकलं, एकराला ६०० मिलिलिटरच्या हिशोबाने दहा गुंठ्यांना १५०. मी पुण्याला आलो. दोन आठवड्यांनी आईचा व्हिडिओ कॉल. फोन बांधीकडे फिरवला. मला वाटलं धान काय मस्त हिरवं झालंय. आई म्हणाली, "धान नाई ते, सावा आहे." (आता तुम्ही हसू शकता. लहानपणी सावा आणि धान एकमेकांपासून वेगळे ओळखता येईनात इतके सारखे दिसतात. निदान माझा बचाव तरी तोच आहे.)

बाकीच्या सगळ्या बांध्या स्वच्छ. तेच औषध, तीच बाटली, तोच हात. फक्त माझी बांधी बुजलेली.

आता जरा यातलं विज्ञान. बोअर झालात तर पुढचे काही परिच्छेद सोडा, पण मला ते समजून घ्यायला इतके दिवस लागले की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तणनाशक जमिनीत पडलं की त्याचे दोन वाटे होतात. एक वाटा पाण्यात विरघळलेला, दुसरा मातीच्या कणांना चिकटलेला. याला सॉर्प्शन म्हणतात. मराठीत अधिशोषण असा शब्द आहे, पण शोषण म्हटलं की मला ॲप्रेझल आठवतं, म्हणून सॉर्प्शनच म्हणू. प्रेटिलाक्लोरसारखं औषध उगवणाऱ्या तणाच्या कोवळ्या कोंबातून आत जातं, आणि जाऊ शकतो तो फक्त पाण्यातला वाटा. चिकटलेला वाटा त्या क्षणापुरता नसल्यासारखाच.

चिकटतं कशाला? ज्या रेणूंवर विद्युतभार नाही आणि ज्यांना पाणी फारसं आवडत नाही, ते मुख्यतः सेंद्रिय पदार्थाला जाऊन चिकटतात. कुजलेलं शेणखत, मुळ्या, ह्यूमस. म्हणून शास्त्रज्ञ काय करतात, तर मातीने किती धरलं हा आकडा तिच्यातल्या सेंद्रिय कर्बाच्या प्रमाणाने भागतात. मग वेगवेगळ्या मातींचे आकडे बऱ्यापैकी एकसारखे येतात. उलट दिशेने वाचलं तर कर्ब दुप्पट तर चिकटणंही साधारण दुप्पट. आमच्या मृदा आरोग्य पत्रिकेत (ही योजना २०१५ ची) खरडी बांधीचा सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आणि गोठ्याजवळच्या बांधीचा ०.८४. म्हणजे 'खाताच्या बांधीत औषध कमीच लागते' हे बाबांचं वाक्य म्हणजे अख्खा सिद्धांत होता. एकही ग्रीक अक्षर न वापरता. बाबांनी तो वीसेक हंगाम धुऱ्यावर उभं राहून काढला होता आणि मी 'संबंध नाही' म्हणून एका सेकंदात रिजेक्ट केला. कोड रिव्ह्यूमध्ये मी कुणाशी असं वागलो असतो तर मला एचआरने बोलावलं असतं.

आणि कोळसा? तो तर सेंद्रिय पदार्थाचा दादा. शेणखतात रेणू आत मुरतो, तेल कापडात मुरावं तसा. कोळशाला बारीक बारीक छिद्रांचा प्रचंड मोठा पृष्ठभाग असतो आणि सपाट कड्यांचे कार्बन. रेणू तिथे जाऊन बसतो आणि सहजी उठत नाही. जास्त तापमानाला भाजलेल्या कोळशात छिद्रं साधारणपणे जास्त, त्यामुळे पकडही जास्त. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये हेच चालतं. मी थोडक्यात शेतात फिल्टर बसवला आणि मग त्यात औषध ओतलं.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. २००३ साली अर्कान्सास विद्यापीठातल्या यांग आणि शेंग यांनी शेतात जाळलेल्या पिकांच्या काडाचा काळा अवशेष तपासला. डायुरॉन नावाच्या तणनाशकाला गव्हाच्या काडाचा कोळसा साध्या मातीच्या ४०० ते २५०० पट जास्त धरत होता. पुढे २००६ मध्ये त्यांनीच कुंड्यांमध्ये प्रयोग केला. मातीत कोळसा वाढवत गेलं तसं तण जास्त जगत गेलं. आणि त्यांनी निवडलेलं तण कोणतं, तर आपल्या सावाच्याच कुळातलं, धानाच्या शेतात जगभर छळणारं. मी रात्री दीडपर्यंत वाचलं होतं ना? हे दोन पेपर पण तिथेच होते. मी फक्त मला हवं ते सर्च केलं होतं.

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये गवताचं बियाणं पिकवणारे तर हाच गुण मुद्दाम वापरतात. बियाण्याच्या ओळीवर सक्रिय कोळशाचा पट्टा टाकायचा आणि वरून सगळीकडे तणनाशक फवारायचं. पट्ट्याखालचं बी वाचतं, मधलं तण मरतं. मी मात्र पट्टा न टाकता सगळंच झाकलं, त्यामुळे माझ्याकडे तणासकट सगळे वाचले.

मग एका रविवारी वहीत हिशोब मांडला. दहा गुंठ्यांतली १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती साधारण दोन लाख किलो. त्यात २० क्विंटल राख म्हणजे १ टक्का. फार नाही वाटत. पण ही राख हलकी. चिखलणीत ती खाली गेलीच नाही, पाण्यावर तरंगली आणि गाळ बसल्यावर वरच्या थरात बसली. समजा वरच्या ३ सेंटिमीटरमध्येच राहिली, तर तिथे ती ५ टक्के झाली. आणि प्रेटिलाक्लोरचा थरही नेमका तिथेच बसतो.

आता समजा किलोभर माती आणि लिटरभर पाणी, आणि माती पाण्याच्या दुप्पट औषध धरते. तीन भागांतला एक भाग पाण्यात, म्हणजे ३३ टक्के. राख मातीच्या फक्त १०० पट धरते असं मानू, वरच्या आकड्यांपेक्षा बरंच कमी. तर ५ टक्के राखेने दुपटीची जवळपास बारा पट होते. मग पाण्यात तेरा भागांतला एक, म्हणजे ८ टक्क्यांच्या आत. ३३ वरून ८. सावाला काय, मजाच झाली. हे सगळे मानलेले आकडे आहेत, पण बांधीतलं दृश्य त्यांच्याशी जुळत होतं.

इथे इंजिनिअरच्या डोक्यात लगेच येतं की मग डोस चौपट करू, १५० च्या जागी ६०० मिलिलिटर. मी हे खरंच फोनवर सुचवलं. बाबा शांतपणे म्हणाले, "अन् मंग तुह्या विहिरीचं का?" बरोबर. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच. लेबलवरच्या मात्रेच्या चौपट टाकायचं आणि मग ते चिकटून राहील अशी आशा करायची, याला उपाय म्हणत नाहीत.

खरी गुंतागुंत इथे आहे. राखेने तिचं काम चोख केलं होतं. औषध धरून ठेवलं, खाली कमी जाऊ दिलं असणार. विहीर वाचवणारा गुण आणि सावा वाचवणारा गुण एकच. त्यात आणखी एक पाचर म्हणजे जे चिकटलेलं आहे त्यापर्यंत जिवाणूही नीट पोचत नाहीत, त्यामुळे ते लवकर मोडतही नाही. शेणखताचं बरं, तिथे जिवाणूंची वर्दळ असते. धरतं पण आणि मोडतंही.

आणि सगळी औषधं एका स्वभावाची नसतात, हे तर मला सगळ्यात शेवटी कळलं. ती ८ ग्रॅमवाली पुडी सल्फोनिलयुरिया गटातली. हे रेणू आम्लधर्मी, म्हणजे जमीन अल्कधर्मी होत गेली की त्यांच्यावर ऋणभार येतो, ते पाण्यात जास्त विरघळतात आणि कमी चिकटतात, वर सावकाश मोडतात. तुसाची राख स्वतःच अल्कधर्मी. म्हणजे ज्या औषधाची विहिरीसाठी जास्त काळजी करायला हवी, त्याला माझी राख धरेलच याची खात्री नाही, उलट मोकळं सोडायची शक्यता. त्यात धान निघायच्या आधी उभ्या पिकात बाबा लाखोळी फेकतात. ती रुंद पानाची, या गटाला नाजूक. बाबांनी त्या वर्षी काळ्या बांधीत ती पुडी वापरलीच नाही. मी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ग्लायफोसेटचं तर आणखी तिसरंच, ते सेंद्रिय पदार्थापेक्षा लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटतं. म्हणजे 'बायोचार तणनाशक धरतो' हे वाक्यच अर्धवट आहे. कोणता बायोचार, कोणतं तणनाशक, कोणती माती?

आणि मुळात मी टाकला तो बायोचार होता का? अकोल्याला ॲग्री केलेला एक मित्र आहे, त्याला फोटो पाठवला. त्याचं पहिलं उत्तर तीन हसरे चेहरे. दुसरं, "मिलची राख आणि बायोचार एक नाही रे." बॉयलरमध्ये हवा भरपूर, त्यामुळे कार्बन बराचसा जळून जातो, उरते ती सिलिका आणि अर्धवट जळलेला काळा भाग. किती काळा, किती करडा, हे रोजच्या आगीवर. माझ्या तीन ट्रॉल्यांत तीन वेगवेगळे पदार्थ असू शकत होते. व्हर्जन नंबर नसलेली लायब्ररी प्रॉडक्शनमध्ये टाकण्यातला प्रकार. शिवाय विहिरीच्या पाण्यात तणनाशक आहे की नाही हे मी कधी तपासलंच नव्हतं. प्रोफाइलिंग न करता ऑप्टिमाईझ. ज्युनिअर पोरांना मी ज्याबद्दल लेक्चर देतो, तेच. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, घरापासून तासाभराच्या आत. तिथेही आधी गेलो नाही.

असो. सावा हाताबाहेर गेला होता. बिसपायरिबॅक पानांतून आत जातं, त्याला मातीतल्या कोळशाचा फारसा फरक पडत नाही, पण ते तण दोन-चार पानांवर असताना मारायचं. आईने फोन केला तोवर ती वेळ टळलेली. मग निंदण. रोवणी-निंदणाच्या दिवसांत आमच्याकडे बाया मिळणं म्हणजे डिसेंबरात यूएस क्लायंट मिळण्यासारखं. चार बाया दोन दिवस, अडीचशे रुपये रोज. दोन हजार रुपये. पुण्यात आम्ही दोघं-तिघं शनिवारी रात्री एवढे सहज उडवतो. पण दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून गेलो होतो, आणि त्या चौघी गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर माझी चूक उपटत होत्या. त्यात एक म्हातारी. धुऱ्यावर पाणी प्यायला आली तेव्हा हात-पाय कोळसेवाल्यासारखे काळे. म्हणाली, "बाबू, तू कम्पुटरवरच बरा आहे." वाईट हेतू नव्हता तिचा. मी पण उतरलो बांधीत. अर्ध्या तासात धानाची चार चुडं उपटली, मग आईने बाहेर काढलं.

त्या बांधीत सहा पोती व्हायची, चार झाली. बाबांनी ते मला सांगितलं नाही. वहीत लिहिलेलं दिसलं.

२०२४ ला बाबांनी त्या बांधीत मातीवरच्या औषधाचा नाद सोडला. पाणी नीट बांधून ठेवलं, पंधरा दिवसांनी तण कोवळं असताना पानावरचं औषध मारलं, उरलेलं हाताने काढलं. ठीक पिकलं. मी तेवढ्यात नव्याने माती तपासून घेतली, म्हटलं कर्ब तरी वाढला असेल. ०.४१. हसूच आलं. २० क्विंटल ओतले त्याचं हे? मग कळलं की कर्ब मोजायची प्रयोगशाळेतली नेहमीची पद्धत, वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची, सहज ऑक्सिडीकरण होणारा कार्बन मोजते. कोळशाचा कार्बन त्यात पूर्ण दिसतच नाही. म्हणजे बांधी डोळ्यांना काळी, सावाला काळी, आणि कार्डावर तशीच गोरी. कार्ड बघून कुणी औषधाची मात्रा ठरवायला गेलं तर फसणारच.

कोळशाची पकड वर्षागणिक ढिली होते असंही वाचलं. मातीतला विरघळणारा सेंद्रिय पदार्थ त्या छिद्रांच्या तोंडाशी जाऊन बसतो. किती वर्षांत, किती, हे जागेवर अवलंबून. बाबांनी पुढच्या हंगामात न सांगता त्याच बांधीच्या एका कोपऱ्यात, चार पावलं बाय चार पावलं, पुन्हा प्रेटिलाक्लोर टाकून बघितलं. कोपऱ्याला चार काड्या रोवल्या होत्या. मला फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. काड्यांच्या आत सावा होता, पण पहिल्या वर्षीइतका नाही. मी झूम करकरून मोजायचा प्रयत्न केला. यावेळी धान आणि सावा वेगळा ओळखता आला.

मागच्या रविवारी बाबांचा फोन.

"त्या मिलमधे राख अजून भेटते का रे?"

मी गप्प. म्हटलं, "कशाला?"

"तुह्या आईच्या वाडीत टाकतो. वांगे, सेमा. तिथं कोनतं औषध मारत नाई आपन. पानी धरून ठेवते ते, उन्हाळ्यात पायलं मी त्या बांधीत, धुऱ्याच्या कडेनं."

मग थोडं थांबून, "एकच ट्रॉली. अन् काळी पाह्यजे, करडी नको."

ट्रॅक्टरचं भाडं मी लगेच यूपीआयने पाठवलं. पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला. मागून आई विचारत होती, वांग्याच्या कोणत्या बाजूला टाकायची, मुळाशी की वाफ्यात पसरून. बाबा म्हणाले, "त्याले नको विचारू."